आरपार दगड

सकाळी साडेदहाच्या सुमाराला आरपार दगड संपले.

मी उत्तरेच्या भिंतीच्या परांचीवर उभी होते. खाली वाकून म्हणाले, “गजेंद्र, लांब दगड दे.”

“नाहीत.”

“नाहीत म्हणजे?”

“नाहीत म्हणजे नाहीत. कालचे सगळे पूर्वेच्या भिंतीत गेले. नदीवरून नवे यायला उद्याची दुपार होणार.” त्यानं घमेलं उलटं करून त्यावर बैठक मारली आणि कपाळाचा घाम बाहीनं पुसला.

आम्ही नेपाळात होतो. सिंधुपाल्चोक जिल्ह्यातल्या साल्मेडाँडा नावाच्या डोंगरावरच्या गावात. दोन वर्षांपूर्वीच्या भूकंपात गावातली तीन घरं सोडून सगळी घरं पडली होती, शाळाही पडली होती. आमच्या तंत्रनिकेतनातल्या स्थापत्य शाखेची आम्ही चौदा मुलंमुली तीन आठवड्यांच्या अभ्यासदौऱ्यावर आलो होतो. त्र्याण्णवच्या भूकंपात आमच्या लातूरकडे घरं कशी पडली आणि मग ती कशी बांधली, ते इथं सांगायचं, आणि गावकऱ्यांच्या बरोबरीनं राबून शाळेसाठी एक वाचनघर उभं करायचं, असा बेत. हंचाटे सर आमचे प्रमुख होते. त्या दिवशी ते पत्रे आणायला खाली बाजारगावी गेले होते.

दगडमातीची भिंत दिसायला एक असते, पण असते दोन भिंतींची. आतून एक थर, बाहेरून एक थर, मधे भरड. जमीन हलली की हे दोन थर एकमेकांपासून सुटतात. ते सुटू नयेत म्हणून ठरावीक अंतरावर एक लांब दगड भिंतीच्या या अंगापासून त्या अंगापर्यंत घालायचा. तो आरपार दगड. हे मला पहिल्या वर्षाच्या पुस्तकात वाचावं लागलं नव्हतं. माझे आप्पा गवंडी. भूकंपानंतर त्यांनी गावोगाव हेच काम केलं. मी पाच वर्षांची असताना काडेपेटीच्या काड्या वाळूत खोचून त्यांनी मला ते दाखवलं होतं.

“मग आज दुसरं काही करू,” मी म्हणाले.

“दुसरं काय? उद्यापासून पट्टा आणि मग छपराचं काम लागणार म्हणून सरांनी सांगितलंय. दोन दिवस वाया गेले तर परतीच्या गाडीपर्यंत काम पुरं व्हायचं नाही.” गजेंद्र उठला, ढिगातून दोन आखूड दगड उचलून त्यानं परांचीवर ठेवले. “हे लाव. एक आतून, एक बाहेरून. तोंडं समोरासमोर येऊ देत. मधे भर टाक.”

“ते आरपार नाही होणार.”

“वर काँक्रीटचा पट्टा येतोय ना? मग? किल्ला बांधतेयस का?” आमच्या गटातले बाकीचे दोघं हसले. मग तो आवाज लांबवून म्हणाला, “का भूकंपबाईंना भीती वाटायला लागली?”

हे नाव मला पहिल्याच दिवशी पडलं होतं. आम्हाला राहायला दिलेलं घर दगडी होतं. मी आत पाऊल टाकायच्या आधी भिंतीचे कोपरे पाहिले, चौकट पाहिली आणि माझं अंथरूण दाराला लागून टाकलं. मग सगळ्यांना कळलं, की शिवकांता बिराजदार भित्री आहे.

आता खरं सांगायचं, तर मी होतेच. माझा जन्म भूकंपानंतर तीन वर्षांनी झाला, पुनर्वसनातल्या नव्या गावात. मी भूकंप पाहिला नव्हता, पण तो आमच्या घरात राहायला होता. आई बारा महिने अंगणात झोपायची. पावसाळ्यात वर ताडपत्री बांधायची, पण आत यायची नाही. ताटली पडली तरी ती उठून बसायची. भीती मला तिच्याकडून दुधातून आली असावी. आणि ती दिसू नये म्हणून मी लहानपणापासून काय काय केलं होतं! विहिरीत उडी मारली होती, साप काठीनं उचलला होता.

मी हसले. सगळ्यांच्या बरोबरीनं हसले आणि आखूड दगड उचलला.

संध्याकाळपर्यंत बारा फुटांच्या लांबीत सात जागी आम्ही असं केलं. एवढं करूनही भागणार नव्हतं. जिथं जिथं आरपार दगड असेल तिथं आतून-बाहेरून गेरूची लाल खूण करायची, म्हणजे गिलाव्याआधी मोजता येतं, ही पद्धत आमच्या सरांनीच त्या गावात नेली होती. माझा हात स्थिर म्हणून खुणांचं काम माझ्याकडे होतं. मी डबा घेतला, ब्रश घेतला, आणि त्या सातही दगडांवर लाल टिकली काढली. आतून सात, बाहेरून सात. एकही टिकली वेडीवाकडी नव्हती.

सानुमाया त्या दिवशी कामावर नव्हती. सानुमाया तामाङ त्या गावातली डकर्मी, म्हणजे गवंडी. भूकंपाच्या आधी ती शेतात राबायची. नंतर गावातले पुरुष परदेशी कामाला गेलेले, घरं बांधायला माणूस नाही, तेव्हा तिनं थापी हातात घेतली. चाळिशीची, ठेंगणी, बोलायला कमी. आमचं बोलणं मोडक्या हिंदीत चालायचं. ती मला बैनी म्हणायची, धाकटी बहीण. मी तिला दिदी म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी ती आली, तेव्हा आम्ही भिंतीच्या सावलीत चहा घेत होतो. तिनं लाल खुणांवरून बोट फिरवलं. एकेक मोजली.

“एका ओळीत आहेत,” ती म्हणाली. “छान.”

मी चहाचा पेला खाली ठेवला.

“काल कुठं गेली होतीस दिदी?” मी विचारलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून.

“गुंबात, वरच्या मठात. धाकट्याच्या नावानं दिवे लावायला.” ती माझ्याशेजारी टेकली. तिला धाकटा मुलगा होता हे मला माहीत नव्हतं. तिची थोरली, नऊ वर्षांची पेमा, तेवढी मी ओळखत होते. रोज शाळा सुटल्यावर ती आमच्या कामाजवळ येऊन बसायची. मी तिला मराठीत दहापर्यंत अंक शिकवले होते.

“त्या दिवशी शनिवार होता,” सानुमाया म्हणाली. “इथं शनिवारी शाळेला सुट्टी. शाळा पडली, पण शाळेत कोणी नव्हतं. पोरं घरी होती. आमचा धाकटा भिंतीला टेकून भात खात होता. मी गोठ्यात, पेमा अंगणात.” तिनं चहाचा घोट घेतला. “लोक म्हणतात भिंत पडली. भिंत पडली नाही, बैनी. उघडली. दाराची दोन कवाडं उघडतात ना, तशी. एक कवाड बाहेर गेलं, एक आत आलं. तेव्हा आम्हाला कुठं माहीत, लांब दगड घालायचा असतो म्हणून! आमच्या बाप-आज्यांनी कधी घातला नाही. पेमानं समोरून पाहिलं सगळं. तेव्हापासून ती भिंतींच्या आत जात नाही. शाळेच्या पत्र्याच्या शेडमधे बसते, त्याला भिंती नाहीत म्हणून.”

ती उठली, हात झटकले आणि उत्तरेच्या भिंतीकडे बघून म्हणाली, “यात बसेल ती. मी तिला सांगितलंय.”

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. पलीकडे गजेंद्र गज वाकवत होता, त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मान किंचित हलवली. मी तोंड मिटलं.

दुपारी तालुक्याहून तपासनीस आला. पोरसवदा इंजिनिअर. त्यानं वहीत आकडे मांडत चारही भिंतींवरच्या खुणा मोजल्या. “सत्तावीस. बरोबर.” त्याच्या पाठीमागे मी उभी होते. त्यानं सही केली. दुसऱ्या दिवशी सानुमायानं आपल्या हातानं भिंतीला मातीचा गिलावा केला आणि माझ्या टिकल्या एकेक करून दिसेनाशा झाल्या.

त्यानंतरचे आठ दिवस मला नीट आठवत नाहीत. छप्पर चढलं, खिडक्या बसल्या, आम्ही आतून पांढरी माती फासली. एवढंच आठवतं, की मी जेवताना घास मोजायला लागले होते. घरावरून जड पावलांनी कोणी गेलं, पत्रा वाजला, खालच्या रस्त्यावर ट्रकनं दरी हलवली, की माझं सगळं अंग कानात यायचं. आत्ता नको, मी म्हणायचे. आम्ही निघून गेल्यावर हलू दे. आणि मग मी काय म्हणाले ते माझं मलाच ऐकू यायचं. आम्ही गेल्यावर आत कोण असणार होतं?

एकदा गजेंद्रला गाठून मी म्हणाले, “सांगून टाकू या.”

“कुणाला? सरांना? आता? गिलावा झाल्यावर?” तो आवाज न चढवता बोलत होता, पण त्याचा चेहरा उतरला होता. “सगळा दौरा बदनाम होईल. तालुक्याच्या त्या पोराची नोकरी जाईल. आणि भिंतीला काही होणार नाही, शिवा. पट्टा आहे वर. खरंच नाही होणार.”

“तुला खात्री आहे?”

तो पांढऱ्या मातीची बादली उचलून आत गेला.

उद्घाटनाचा दिवस उजाडला. दुसऱ्या दिवशी सकाळी आमची बस होती. गावानं लालीगुराँसच्या फुलांचं तोरण दाराला बांधलं होतं. मुलं हात धुऊन, केस चापूनचोपून आली होती. आमच्या प्रत्येकाच्या गळ्यात पिवळं रेशमी उपरणं घातलं गेलं. मुलं रांगेनं आत गेली. आत सतरंजी, दोन कपाटं, कपाटात पुस्तकं. मुख्याध्यापक बोलायला उभे राहिले.

पेमा बाहेरच होती. अंगणातल्या दगडावर, गुडघ्यांना मिठी मारून.

सानुमाया माझ्याकडे आली. “बैनी, तू घेऊन येतेस तिला? माझं ऐकत नाही. तुझं ऐकेल.”

मी नाही म्हणू शकले असते. काय कारण सांगणार होते? मी पेमाजवळ जाऊन उकिडवी बसले. तिच्या हाताला घाम आला होता.

“आत पुस्तकं आहेत,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला.

“हे घर तू बांधलं?” तिनं विचारलं. टीव्ही बघून बघून तिची हिंदी माझ्यापेक्षा चांगली होती.

“सगळ्यांनी मिळून.”

“तू कुठली भिंत बांधली?”

मी दुसरी भिंत दाखवू शकले असते. पूर्वेची भिंत नीट होती, तिलाही माझे हात लागले होते. पण मी रोज उत्तरेच्या भिंतीच्या परांचीवर असायचे आणि ती रोज समोर बसून बघायची. तिला माहीतच होतं. माझ्याकडून वदवून घ्यायचं होतं फक्त.

“ती,” मी म्हणाले.

ती उठली. माझा हात धरून चालायला लागली. उंबऱ्यापाशी थांबली, वर आढ्याकडे पाहिलं, आणि तिची बोटं माझ्या हातात इतकी रुतली, की मला नखं लागली. सगळं गाव श्वास धरून बघत होतं. कुणीतरी हळूच टाळी वाजवली, दुसऱ्यानं त्याला गप्प केलं. पेमानं डोळे मिटले आणि आत पाऊल टाकलं.

आत गेल्यावर तिनं माझा हात सोडला. मुलं मधे दाटीवाटीनं बसली होती, तिच्या मैत्रिणी तिला बोलावत होत्या. ती कुणाकडे गेली नाही. सरळ उत्तरेच्या भिंतीशी गेली, पाठ टेकली, मांडी घातली आणि माझ्याकडे बघून हसली.

ती बरोबर तिसऱ्या आणि चौथ्या टिकलीच्या मधे बसली होती. गिलाव्याखाली कुठली टिकली कुठं आहे, ते त्या खोलीत फक्त मला दिसत होतं.

“पेमा, इकडे बस,” मी पूर्वेच्या भिंतीकडे बोट केलं.

तिनं मान हलवली. “ही तुझी आहे.”

मुख्याध्यापक भारताचे आभार मानत होते. मी उभी राहिले.

“शिवा, खाली बस,” शेजारून गजेंद्र मराठीत म्हणाला. ओठ न हलवता.

“मुलांना बाहेर काढायला पाहिजे.”

“खाली बस म्हणतो ना! उद्या आपण इथं नाही.”

“ती त्या भिंतीला टेकलीय.”

“हळू बोल.”

आमची भाषा तिथं कुणाला कळत नव्हती. लोक आमच्याकडे बघून कौतुकानं हसत होते, आता ही मुलगी दोन शब्द बोलणार म्हणून. हंचाटे सर मात्र वळले होते. त्यांना सगळं ऐकू आलं होतं.

“काय झालं भिंतीला?” सरांनी विचारलं.

गजेंद्रनं माझी बाही धरली. मी ती सोडवली आणि सानुमायाकडे बघून हिंदीत म्हणाले, “दिदी, मुलांना बाहेर घे. या भिंतीत लांब दगड नाहीत.”

पहिल्यांदा कुणी हललं नाही. मग सानुमायानं तोंडातून एकच शब्द काढला आणि मुलं उठली. रडारड झाली नाही, धक्काबुक्की झाली नाही. दोन वर्षं धक्के सोसून त्यांना असं बाहेर पडायची सवय होती. अर्ध्या मिनिटात खोली रिकामी झाली. शेवटी पेमा गेली. ती पळाली नाही. माझ्या अंगावरून चालत गेली, आणि मी तिच्याकडे बघू शकले नाही.

बाहेर अंगणात सगळं गाव जमलं होतं. सानुमाया पहार घेऊन आली.

“कुठं?”

मी दाखवलं. तिनं गिलावा फोडला. आतून लाल टिकली निघाली, होती तशी, ताजी. तिनं पहारीचं टोक फटीत घालून दगड हलवला. आरपार दगड असता तर दोन माणसांना हलला नसता. हा तिच्या हातात आला. वीतभर लांब. तिनं तो वळवून पाहिला, जसं कोणी फळ उलटंपालटं करून पाहतं.

“किती?”

“सात.”

“खुणा कुणी केल्या?”

“मी.”

कुणीतरी माझ्यामागे शिवी दिली. हंचाटे सर खाली बसले होते, दोन्ही हात डोक्याला लावून. मला वाटलं ती मला मारेल. मारावं असंही वाटलं. तिनं तो दगड माझ्या हातात दिला, पेमाचा हात धरला आणि घराकडे निघून गेली.

फोनला रेंज फक्त वरच्या टेकाडावर मिळायची. मी दगड घेऊनच तिथं गेले. आप्पांना फोन लावला, सगळं सांगितलं. मधे मधे मला बोलता येत नव्हतं.

“लेकरं आत हायत का आता?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“मग झालं. आधी रड थांबव आन् ऐक. छप्पर काढायचं न्हाई. भिताड पाडायचं न्हाई. ज्या जागी लांब दगड न्हाई, तिथं आरपार भोक पाडायचं. दोन्हीकडनं तोंड मोठं, मधे बारीक, डमरू असतंय ना, तसं. पहारीनं न्हाई, हळूहळू, एकेक दगड काढून. एका टायमाला एकच भोक. मग त्यात गज घालायचा, दोन्ही टोकं वाकवून. आन् काँक्रीट ठासून भरायचं. त्योच तुझा आरपार दगड. आमी त्र्याण्णव सालानंतर अशी कित्येक घरं बांधून काढली.”

“आप्पा, मी मुद्दाम केलं.”

“ठाव हाय,” ते म्हणाले. “आता सांगितलं तसं कर. पाणी पाज रोज त्या काँक्रीटला. आन् तुझ्या आईला मी यातलं काही सांगत न्हाई.”

हंचाटे सरांनी परतणं आठवडाभर पुढं ढकललं. घरच्यांना फोन गेले, तिकिटं रद्द झाली. तपासनिसाला त्यांनी स्वतः जाऊन सगळं सांगितलं, आणि त्यानं येऊन वहीतली सही खोडली. माझ्याशी कोणी धड बोलत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या भोकासाठी दगड काढायला लागले, तेव्हा पलीकडच्या बाजूनं कोणीतरी ठोकायला सुरुवात केली. भोकाच्या पलीकडे गजेंद्रचा डोळा दिसला. आम्ही दिवसभर असे भिंतीच्या दोन बाजूंनी काम करत राहिलो.

तिसऱ्या दिवशी भोकातून तो म्हणाला, “त्याच दिवशी बोलली असतीस तर मी ऐकलं असतं.”

“ऐकलं नसतंस. भित्री म्हणाला असतास.”

ठोकणं थांबलं. “आणि एवढ्यासाठी तू...” असं म्हणत त्यानं पुन्हा ठोकायला घेतलं. हो, एवढ्यासाठीच. आज दहा वर्षं होत आली, यापेक्षा मोठं कारण मला सापडलेलं नाही.

त्याच दुपारी सानुमाया आली. तिनं माझ्या हातातली छिन्नी घेतली, भोकाचा आकार बघितला, आत हात घालून मधली बारीक जागा चाचपली. “हे कुणी शिकवलं?”

“माझ्या आप्पांनी. आमच्याकडेही भूकंप झाला होता.”

“तुझ्या घरातलं कोणी गेलं?”

“माझा भाऊ. मी त्याला पाहिलं नाही.”

माझा थोरला भाऊ, आई ज्याचं नाव घेत नाही, त्याच्याबद्दल मी आमच्या गटातल्याही कुणाला सांगितलं नव्हतं. सानुमायानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता तिला माझी आणखीच चीड आली असेल. कारण मला हे माहीत होतं. अज्ञानानं केलं असतं तर गोष्ट वेगळी. तिनं छिन्नीचा पहिला घाव घातला आणि म्हणाली, “गज किती जाडीचा?”

सात भोकं, सात गज. काँक्रीट भरल्यावर आम्ही तीन दिवस त्याला पाणी घातलं. गिलावा मुद्दामच केला नाही. आतल्या पांढऱ्या भिंतीवर सात करडी गोल तोंडं उघडी ठेवली, कुणालाही मोजता यावीत म्हणून.

तपासनिसानं पुन्हा सही केली. पण मुलं येईनात. अंगणाच्या कडेला उभी राहायची, आत बघायची आणि पत्र्याच्या शेडकडे जायची. त्यांना बोलवायला कुणाचं तोंडही नव्हतं.

आमच्या निघण्याच्या आदल्या दिवशी, दुपारी, सानुमाया विणकाम घेऊन आली. वाचनघराचं दार सताड उघडं ठेवलं, आत गेली आणि उत्तरेच्या भिंतीला पाठ लावून बसली.

“ये,” ती मला म्हणाली.

मी तिच्याशेजारी बसले. पाठीला काँक्रीटचं एक गोल तोंड टोचत होतं. समोर दारातून अंगण दिसत होतं. शाळा सुटली होती. मुलं लांबून आमच्याकडे बघत होती, त्यांच्यात पेमा होती. सानुमाया विणत राहिली. मी आढ्याकडे बघत राहिले. एक वासा, दोन वासे. भिंत पक्की आहे, मी मनात म्हणत होते. मी स्वतः भरली. आप्पांनी सांगितलं तशी भरली. आणि तरीही माझे तळहात ओले झाले होते.

किती वेळ गेला कोण जाणे. आधी खाली कुठं तरी कुत्री भुंकली. मग पत्रा किणकिणला, जणू कोणी वरून मूठभर खडे टाकले. जमिनीतून एक हुंकार आला आणि माझ्या पाठीमागची भिंत हलली.

मी पळाले.

विचार केला नाही, दिदीकडे पाहिलं नाही. माझे पाय माझे नव्हते. दारात पोचले आणि कोणीतरी धाडकन माझ्या पोटावर आदळलं. पेमा. ती मला ढकलून, माझ्या हाताखालून, आत घुसली.

“आमा! आमा, उठ! उठ ना!”

मी उंबऱ्याबाहेर अंगणात पडले होते. वळून पाहिलं. पत्रा थरथरत होता, आढ्यातून माती गळत होती. सानुमाया भिंतीशी बसलेलीच होती, मांडीवर विणकाम, आणि पेमा तिचे दोन्ही हात धरून तिला सगळ्या ताकदीनं ओढत होती. भिंत त्यांच्यामागे उभी होती. मग हुंकार विरला. पत्रा एकदा वाजून गप्प झाला.

अंगणातली मुलं जमिनीवर बसून आत बघत होती.

पेमानं ओढणं थांबवलं. तिनं वर पाहिलं, छपराकडे. मग डावीकडे, उजवीकडे. आपण कुठं उभ्या आहोत हे तिला तेव्हा कळलं. तिचा चेहरा वाकडा झाला आणि ती दोन्ही मुठींनी आईच्या खांद्यावर मारायला लागली. सानुमायानं मारू दिलं. मग तिला धरून मांडीवर ओढलं. पोर आधी धडपडली, मग आईच्या गळ्यात तोंड खुपसून हमसून हमसून रडायला लागली. सानुमायाच्याही गालावरून पाणी वाहत होतं, पण ती हलली नाही. तिची पाठ भिंतीला टेकलेली होती.

पेमाच्या डोक्यावरून तिनं मला पाहिलं.

“बैनी, आत ये.”

मी उठले. गुडघे खरचटले होते. उंबऱ्यावर येऊन थांबले, पुढं पाऊल पडेना.

“ये,” ती पुन्हा म्हणाली. आवाजात राग नव्हता, मायाही नव्हती. कामावर हाक मारायची तशी हाक होती.

मी आत गेले. पेमानं आईच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं, नाक पुसलं, आणि मला टेकायला जागा व्हावी म्हणून आपले पाय जवळ ओढून घेतले.